फळीच पहिला फिल्टर: घरच्या ओपन बॅफल स्पीकरचा क्रॉसओव्हर

आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ मागून उघडा होता. मुळात भोकांचा पुठ्ठा होता, तो उंदरांनी आणि मी मिळून संपवला. पुढे लाकडी चेहरा, मागे मोकळी हवा, मध्ये स्पीकर. आकाशवाणीवरचा निवेदक त्यातून खोलीत उभा राहून बोलल्यासारखा वाटे. त्याला ओपन बॅफल म्हणतात हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं, आणि मग आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये १८ एमएम प्लायच्या दोन फळ्या येऊन उभ्या राहिल्या. बायको फळ्या बघून एवढंच म्हणाली, "यांना मागची बाजू कधी बसणार?"

बसणार नव्हती. सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी तिथेच आहे.

क्रॉसओव्हर म्हणजे खालचे, मधले आणि वरचे सूर वूफर, मिडरेंज आणि ट्वीटर या वेगवेगळ्या स्पीकरांत वाटून देणारं सर्किट. खोक्यातल्या स्पीकरसाठी त्याची तयार सूत्रं असतात. मीही तीच घेतली. १८०० हर्ट्झ, ८ ओहम, दुसऱ्या क्रमाचा लिंकविट्झ-रायली (फिल्टरचा एक प्रकार; क्रम मोठा तितका उतार तीव्र): चोक, म्हणजे तारेचं वेटोळं, १.४ मिलिहेन्री, कंडेन्सर ५.५ मायक्रोफॅरड. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून सामान आणलं, जोडलं, आणि गाणारी बाई नाकात बोलायला लागली. बास तर जवळजवळ गायबच. सूत्र चुकलेलं नव्हतं. मी फळीला हिशेबात धरलंच नव्हतं.

कोन पुढे सरकतो तेव्हा मागे उलटी लाट जाते. ती फळीला वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लाटेत मिसळते. वळशाच्या जादा अंतराला ड म्हणू, मीटरमध्ये. आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला तर तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहायचे. ३४४ भागिले ६ड: या फ्रीक्वेन्सीच्या खाली आवाज दर सप्तकाला ६ डीबीने (डेसिबलने) उतरत जातो. ३४४ भागिले २ड: इथे दोन्ही लाटा हातात हात घालतात, ६ डीबीपर्यंतचा फुगवटा. आणि ३४४ भागिले ड: इथे पुन्हा खड्डा.

माझी फळी वर ३० सेंटीमीटर रुंद, तिथे साडेसहा इंची मिडरेंज. ड साधारण १५ सेंटीमीटर. म्हणजे ३८० हर्ट्झखाली उतार, ११५० च्या आसपास फुगवटा, २३०० ला खड्डा. बाई नाकात का बोलत होती ते या एका ओळीत आलं. प्रत्यक्षात फुगवटा कागदावरच्यापेक्षा बुटका असतो, कारण फळीची प्रत्येक कड कोनापासून सारख्या अंतरावर नसते. म्हणूनच मिडरेंज फळीच्या बरोबर मध्यावर लावू नका, तीन-चार सेंटीमीटर बाजूला सरकवा. खड्डाही उथळ होतो.

खाली फळी ४५ सेंटीमीटर, तिथे १२ इंची वूफर. नुसत्या फळीला ड २५ सेंटीमीटर मिळत होता, म्हणजे उतार २३० हर्ट्झपासूनच सुरू. सुताराकडून दोन्ही बाजूंना २० सेंटीमीटरचे पंख मागे वळवून घेतले, ड ४० च्या जवळ गेला आणि उतार १४३ वर आला. फुकटात ४ डीबी. पण पंखांच्या पोकळीत स्वतःची एक घुमी असते. तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याच्या हिशेबाने ती ४३० हर्ट्झला येते, आणि तोंडापाशी हवा थोडी पुढे सरकत असल्याने प्रत्यक्षात आणखी खाली. तेव्हा वूफरला त्याच्या बऱ्याच आधी थांबवायचं. माझा खालचा, वूफर-मिडरेंजमधला क्रॉसओव्हर २२० वर आहे तो यामुळे, आवडीनिवडीने नाही.

वूफर निवडताना डेटाशीटवर क्यूटीएस बघा, म्हणजे कोन आपल्या रेझोनन्सला किती घुमतो याचा आकडा. खोक्यासाठी ०.३-०.४ चांगला मानतात, इथे ०.७ च्या पुढचा हवा. परदेशी हौशी मंडळींत एमिनेन्सचा अल्फा-१५ए इतका चालतो त्याचं कारण त्याचा १.२६ हा क्यूटीएस. खोक्यात जो घुमेल, तोच फळीवर आपल्या रेझोनन्सजवळच्या उंचवट्याने उतार भरून काढतो.

आता मोजणी. कान नंतर. आरईडब्ल्यू हा आवाज मोजण्याचा प्रोग्राम फुकट आहे, यूएसबीचा मोजणीचा माईक एकदाच घ्यावा लागतो. ट्वीटरची पहिली स्वीप (खालून वर सरकणारा चाचणीचा सूर) घेताना त्याच्या मालिकेत २० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घाला आणि सुरुवात ५०० हर्ट्झच्या वरून करा. एक ट्वीटर मी असाच शहीद केला आहे.

माईक १ मीटरवर, जमिनीपासून १ मीटर उंच, स्पीकर खोलीच्या मध्यात. जमिनीवरून आपटून येणारी लाट थेट लाटेपेक्षा सुमारे १.२४ मीटर जास्त चालते, म्हणजे ३.६ मिलिसेकंद उशिरा पोचते. तिच्या आधीच प्रोग्राममधली मोजणीची खिडकी (किती वेळचा आवाज धरायचा ती मर्यादा) बंद केली की २८० हर्ट्झच्या वरचं मोजमाप खोलीच्या भेसळीशिवाय मिळतं. आलेखातल्या २८० खालच्या रेषेवर विश्वास ठेवायचा नाही.

त्याखालचं कसं मोजायचं? इथे मी पुरता फसलो. खोक्यांच्या सवयीने माईक वूफरच्या कोनाजवळ, एका सेंटीमीटरवर धरला. रेषा ४५ हर्ट्झपर्यंत सरळ! आनंदाने वही मिटली. सोफ्यावर येऊन बसलो तर तबल्याचा डग्गा पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा. कोनाला माईक चिकटवल्यावर मागची लाट त्याच्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही, त्यामुळे त्या मोजमापात वळशाचा उतार नसतो. तो आपण हिशेबाने वजा करायचा: १४३ हर्ट्झपासून खाली दर सप्तकाला ६ डीबी, म्हणजे ४५ ला सुमारे १० डीबी. नाहीतर स्पीकर सोसायटीच्या पार्किंगमध्ये नेऊन मोजा. मी एकदा नेले होते. वॉचमनला वाटलं, गणपतीची तयारी.

हे १० डीबी भरून कसे काढायचे? पहिला मार्ग मोठ्या चोकचा. पहिल्या क्रमाचा लो-पास (खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) दर सप्तकाला ६ डीबी उतरतो, फळी तेवढीच चढते, दोघे एकमेकांना फेडतात. ८ ओहमला सुरुवात १२७ हर्ट्झवर हवी तर १० मिलिहेन्री लागतात. हवेच्या गाभ्यावर एवढा चोक म्हणजे तांब्याचा नारळ, म्हणून मी ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांवर, मध्ये पुठ्ठ्याची फट ठेवून गुंडाळून घ्यायचं ठरवलं. रिवाइंडिंगवाले काका म्हणाले, "साहेब, ट्यूबलाइटचा चोक आता कोण वापरतं?" समजावलं, तेव्हा त्यांनीच चांगला सल्ला दिला: वेटोळे मोजत बसू नका, जास्तच घाला आणि मीटर लावून एकेक उलगडा. इंडक्टन्स वेटोळ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, १० टक्के वेटोळे काढले की १९ टक्के उतरतो. शेवटी सावकाश उलगडायचं ते याचसाठी.

चोकच्या तारेचा रेझिस्टन्स ०.७ ओहम निघाला. खोक्यात यावरून लोक हळहळतात. इथे त्याने वूफरचा क्यूटीएस थोडा वाढला, आणि आपल्याला तोच हवा होता.

मार्ग चालला, पण महाग पडला. चोकने वूफर इतका दाबला की मिडरेंज त्याच्यापेक्षा ७ डीबी मोठा झाला, आणि त्याला गप्प करायला सिमेंटचे रेझिस्टन्स तापवत बसावं लागलं. दोन वूफर लावायला फळीवर जागा नव्हती. म्हणून आता माझं मत पक्कं आहे: बासला वेगळा अँप्लिफायर द्या. दोन इनपुट, चार आउटपुटचा डीएसपी (फिल्टरचं काम आकडेमोडीने करणारा बोर्ड) घ्या, २२० हर्ट्झला चौथ्या क्रमाचा लिंकविट्झ-रायली लावा, उतार तिथेच इक्वलायझरने भरा. क्रॉसओव्हरवर दोन्ही बाजू ६ डीबी खाली असतात आणि एकाच फेजमध्ये राहतात, म्हणजे लाटा बरोबरच वर-खाली होतात, म्हणून बेरीज सपाट येते. झिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे दोघेही ह्यूलेट-पॅकार्डमधले, १९७६ साली लिंकविट्झने ही रचना मांडली, आणि पुढे त्याचा सगळा जीव उघड्या फळीच्या स्पीकरांतच रमला. त्यामुळे हे जोडपं घरचंच आहे.

बास भरताना हात आखडता ठेवा. तेवढ्याच आवाजासाठी उघड्या फळीवर दर सप्तक खाली गेलं की कोनाला ८ पट हालचाल करावी लागते, खोक्यात ४ पट. मी ४५ खाली काहीच भरत नाही आणि ३० ला काट मारतो. स्वस्तातला टीपीए३११६ सारखा क्लास-डी अँप्लिफायर बोर्ड वापरत असाल तर डाव्या-उजव्याच्या उणे तारा एकत्र कधीही जोडू नका. त्याचं आउटपुट ब्रिज असतं, उणे म्हणजे ग्राउंड नव्हे.

वरचा, मिडरेंज-ट्वीटरमधला क्रॉसओव्हर मात्र मी चोक-कंडेन्सरचाच ठेवला, त्यात मजा आहे म्हणून. आधी झोबेल, म्हणजे स्पीकरचा भार सपाट ठेवणारी रेझिस्टन्स-कंडेन्सरची जोडी: मिडरेंजचा डीसी रेझिस्टन्स ६ ओहम, कॉइलचा इंडक्टन्स ०.६ मिलिहेन्री. रेझिस्टन्सच्या सव्वापट म्हणजे ७.५ ओहम, आणि इंडक्टन्सला या ७.५ च्या वर्गाने भागून १०.७, म्हणजे बाजारातला १० मायक्रोफॅरड. दोघे मालिकेत जोडून स्पीकरच्या टोकांवर. याशिवाय पुढचं गणित वर हवेत राहतं, कारण ८ ओहम फक्त लेबलवर असतात.

मग फुगवट्याला चिमटा. वेगळा नॉच फिल्टर (एकाच जागी खड्डा पाडणारा) घालण्याऐवजी मी लो-पासच लवकर सुरू केला: चोक १.४ वरून २ मिलिहेन्री, कंडेन्सर ५.५ वरून ८.२. कागदावर हा फिल्टर १२४० हर्ट्झचा. पण फळीचा फुगवटा आणि फिल्टरचा उतार एकत्र आले की रेषा १००० पर्यंत जवळजवळ आडवी राहते, आणि पुढे फळीचाच खड्डा तिला खाली ओढतो. खरा, कानाला मिळणारा क्रॉसओव्हर १७०० ते १८०० वर आला. सूत्रात १८०० टाकून जे मिळालं नव्हतं ते १२४० टाकून मिळालं. माझे आकडे उचलू नका. तुमची फळी वेगळी, तुमचा फुगवटा वेगळा. मोजमाप व्हिट्यूइक्सकॅड या स्पीकर आखण्याच्या प्रोग्राममध्ये भरा आणि तिथे खेळा, तोही फुकट आहे.

ट्वीटरला मी तिसऱ्या क्रमाचा फिल्टर दिला, कारण त्या बाजूला मिडरेंज आता बराच तीव्र उतरत होता. मिडरेंज आणि ट्वीटरचे मध्य जवळ घ्या, १८०० ला तरंगलांबी १९ सेंटीमीटर, त्याच्या आत बसले पाहिजेत. पातळीसाठी ट्वीटरच्या अलीकडे मालिकेत ४ ओहम आणि समांतर ८ ओहम: ६ डीबी खाली, आणि क्रॉसओव्हरला दिसणारा भार ८ चा ८. दोन चोक एकाच पाटीवर असतील तर एक उभा, एक आडवा ठेवा, नाहीतर ते एकमेकांत बोलतात.

फेजची परीक्षा सोपी. ट्वीटरच्या तारा उलट्या लावून मोजा. क्रॉसओव्हरवर खोल, दोन्ही बाजूंना सारखा खड्डा पडला, तर सुलट्या तारांत बेरीज नीट आहे. खड्डा उथळ किंवा एकीकडे कललेला असेल तर पुन्हा कंडेन्सरकडे. माझ्याकडे चार बदलांनंतर २० डीबीहून खोल पडला, तेव्हा चहा केला.

इथपर्यंत सगळं क्रोकोडाइल क्लिपांवर. सोल्डर तीन आठवडे हातात घेऊ नका, आता कानांची पाळी. माझ्या घरी पेटी आहे. त्याच माईकने ती रेकॉर्ड केली, पांढऱ्या-काळ्या सगळ्या पट्ट्या ओळीने, सारखा भाता. ४४० ला लावलेल्या पेटीवर पांढरी सहाचा एक सूर बरोबर २२० हर्ट्झचा, म्हणजे माझ्या खालच्या सांध्यावरचा. त्याच्या अलीकडचे-पलीकडचे सूर एका उंचीचे वाजले पाहिजेत. माझ्याकडे पांढरी पाच ओरडत होती, डीएसपीत वूफरची पातळी १ डीबी उतरवल्यावर शांत झाली. वरच्या सांध्यासाठी तंबोरा. जवारीचा तो झिणझिणाट तारेपासून सुटून वेगळा वर तरंगायला लागला तर ट्वीटर चढलाय. माझा उलट होता, जवारी झाकलेली. ४ आणि ८ ओहमच्या जागी ३.३ आणि १० लावले, सव्वा डीबी उघडला. एवढ्याशा फरकाने मोकळं वाटलं. एका बैठकीत एकच बदल करा आणि वहीत तारीख टाका. रात्री अकराला केलेला बदल सकाळी बहुतेक वेळा मूर्खपणा निघतो.

जागेचं शेवटी सांगतो, पण परिणाम पहिल्या दिवसापासून. मागची लाट भिंतीवर आपटून उलटी परत येते. फळी भिंतीपासून १ मीटरवर असेल तर पहिला खड्डा १७० हर्ट्झच्या आसपास, आणि जितकं भिंतीला चिकटाल तितका खड्डा वर, पुरुषी आवाजात सरकतो, बासही पातळ होतो. मागच्या दिवाळीत साफसफाईला फळ्या भिंतीकडे ढकलल्या गेल्या. मला वाटलं कंडेन्सर गेला. अर्धा रविवार मल्टिमीटर घेऊन उकिडवा बसलो होतो. मग हिनेच विचारलं, "हे एवढे मागे कधी गेले?" आता फरशीवर चारी कोपऱ्यांना निळ्या टेपचे कोन चिकटवलेत, आणि लादी पुसणाऱ्या मावशींना ताकीद आहे की टेपवरूनही पुसायचं, पण टेप निघता कामा नये.