मगर दिसली की आपण बडोदेकर करतो त्या चुका

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी सोसायट्यांत शिरलं आणि पाण्याबरोबर मगरीही आल्या. आपल्या बडोद्याला हे नवं नाही, तरी दर पावसाळ्यात चुका त्याच होतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे घोळका करून तिला हुसकावणं. पुरात मगरीच्या बिळात पाणी भरतं, नदीची ओढ तिलाही झेपत नाही, म्हणून संथ पाणी किंवा कोरडी जागा शोधत ती अंगणात येते. ती शिकारीला आलेली नसते. तिची झेप विजेसारखी असते, पण लांबलेली झटापट तिला सोसत नाही. स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचतं आणि मोठी मगर त्यानं नंतर मरूही शकते. म्हणून दोर, काठ्या, दगड काहीच नको. पोरांना आणि कुत्र्याला घरात घ्या, तिला जायला वाट मोकळी सोडा, वनविभागाला कळवा. मागून गेलं की धोका नाही, असंही समजू नका. शेपटीचा एक फटका माणसाला आडवा करतो.

‘जबडा वासलाय, चिडलीय बघ!’ काळा घोडा चौकाजवळच्या पुलावर हे हमखास ऐकू येतं. अंग तापलं की ती तोंड उघडून उष्णता बाहेर टाकते, एवढंच. हिवाळ्यात तीच तासन्‌तास काठावर निपचित ऊन खाते. मेली का बघायला तिला दगड मारणारे दिसले की जीव तुटतो. शरीर गरम ठेवायला तिला अन्न जाळावं लागत नाही, त्यामुळे कित्येक आठवडे ती उपाशी राहू शकते. दया येऊन मटणाचे तुकडे टाकू नका. माणूस म्हणजे खाणं, हे ती पटकन शिकते.

उन्हाळ्यात काठाची माती उकरू नका. मादी तिथे खड्डा करून अंडी घालते, साधारण २५ ते ३०. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या मातीच्या तापमानावर ठरतं. सापडलेलं अंडं उलटं करून परत ठेवलं, तरी आतला जीव दगावू शकतो. पावसाच्या तोंडावर पिल्लं आतून आवाज देतात, आई माती उकरते आणि त्यांना जबड्यात घेऊन पाण्याकडे निघते. ‘स्वतःचीच पिल्लं खातेय’ म्हणून ओरडत कुणी पुढे धावलं, तर हात धरून मागे ओढा. ती त्यांना नदीवर नेतेय.