अनवाणी घोडीचे खूर: आमच्या खळ्यातली रोजची निगा

काजळ आमच्याकडे आली 2018 च्या दत्तजयंतीला, सारंगखेड्याच्या यात्रेतून. एकमुखी दत्ताचं दर्शन घेऊन आप्पा, म्हणजे माझे सासरे, तापीकाठच्या घोडेबाजारात दोन दिवस नुसते घोड्यांचे पाय बघत फिरले. तेव्हा तिच्या चारही पायांत नाल होते. वर्षभरात खिळ्यांच्या भोकांपासून खुराची भिंत फुटू लागली, म्हणून आम्ही नाल काढून घेतले. दुसऱ्याच दिवशी मी तिला डांबरी रस्त्यानं मळ्यापर्यंत नेलं. येताना ती पाऊल टाकेना. शेजारचे जिभाऊ म्हणाले, "वैनी, नाल ठोका, नहीत घोडी लंगडी व्हई."

घाई माझी होती. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. पुढचा खूर केसांच्या रेषेपासून जमिनीपर्यंत पुरता नवा व्हायला नऊ महिने ते वर्ष जातं. तोवर जुन्या खिळ्यांची भोकं खाली सरकत राहतात आणि तळवाही हळूहळूच जाड होतो. म्हणून नाल काढल्यावर पहिले दोन-तीन महिने मऊ बांधावर आणि नदीच्या वाळूतच फिरवा. खडीच्या रस्त्यानं जावंच लागलं तर खुराचे बूट मिळतात, ते मापाचे घ्या.

सकाळी शेण काढायच्या आधी मी खूर बघते. जुन्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक लोहाराकडून वाकवून बोथट करून घेतलंय. त्यानं टाचेकडून पुढच्या टोकाकडे माती काढायची, उलट कधीच नाही. तळव्याच्या मधोमध रबरासारखा त्रिकोणी भाग असतो. तो कापायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा तेवढ्या हलक्या हातानं मोकळ्या करायच्या. इकडे बाभळीचे काटे आणि कापूस उपटल्यावर मागे राहिलेली पऱ्हाटीची खुंटं हे खरे वैरी. पऱ्हाटीच्या शेतात मी तिला सोडतच नाही. काटा निघाला की जागा धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावते. पण खिळा खोल गेला असेल तर तो उपटू नका, घोडं जागीच उभं ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. खिळा किती आत आणि कुठल्या दिशेनं गेलाय हे त्यांना दिसलं पाहिजे. धनुर्वाताची लस दरवर्षी द्यायचीच, यात चालढकल नको.

पावसाळा आमच्याकडे सगळ्यात अवघड. काळी माती खुरात गच्च बसते, आत हवा जात नाही, आणि आठवड्याभरात खाचेतून काळा, सडका वास येणारा चिकट द्रव येतो. काजळला दोन पावसाळे हा त्रास झाला. मग आम्ही गोठ्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत मुरूम टाकला आणि टाकीभोवती गोल गुळगुळीत गोटे पसरले. चाराही टाकीपासून लांब, दुसऱ्या टोकाला ठेवला, म्हणजे पाण्यासाठी तिला दिवसातून अनेकदा त्यावरून चालावंच लागतं. चालण्यानं खूर घासतो, रक्त फिरतं, तळवा घट्ट होतो. नुसतं खुंटाला बांधून ठेवलेल्या घोड्याचे अनवाणी पाय सुधारत नाहीत. वास आलाच तर खाच धुऊन कोरडी करायची, आयोडीनचा बोळा बसवायचा आणि खालची जागा कोरडी ठेवायची. मोरचुदाची पूड कुणी भरा म्हणालं तरी भरू नका, जिवंत भाग जळतो.

खाण्याबद्दल मला जरा जोर देऊनच सांगायचंय, कारण खूर तोंडातून बिघडतो. पाहुणे आले की तिच्यासाठी गूळ, बाजरीच्या भाकरी, कुणी तर पेढे घेऊन येतं. माया असते, मी समजू शकते. पण साखर आणि जास्त दाणा एकदम गेला की खुराच्या आतल्या, भिंतीला हाडाशी धरून ठेवणाऱ्या थराला सूज येते. घोडं पुढचे पाय पुढे ताणून मागे रेलतं, खूर गरम लागतो, आणि खुराच्या वरच्या सांध्यामागे बोट ठेवलं की नाडी ठणठण उडते. असं दिसलं की चालवायचं नाही. पाय थंड पाण्यात उभे करा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा.

काजळचं वजन आम्ही कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर केलं, टेम्पो तिच्यासकट आणि रिकामा: साधारण 350 किलो. वजनाच्या दीड-दोन टक्के सुका चारा या हिशेबानं तिला दिवसाला 6-7 किलो दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा वाळलेला कडबा लागतो, तोही चार वेळा विभागून. दाणा थोडाच, काम असेल त्या दिवशी. सैंधवाचा खडा कायम टांगलेला. ज्वारीचे कोवळे हिरवे पोंगे अजिबात नाही, त्यात विष असतं. मे महिन्यात टाकी दोनदा भरते.

खूर घासायची कानस चालवणं मात्र कुणाकडून तरी समोर उभं राहून शिका. मला जाणत्या नालबंदानं महिनाभर शिकवलं. तळवा कोरायचा नाही, बाहेरची कड तेवढी खालून गोल करायची, म्हणजे ती फुटत नाही. मी दर दोन आठवड्यांनी चार-सहा हात फिरवते, आणि सहा आठवड्यांनी ते येऊन तोल तपासतात. त्या दिवशी चारही खुरांचे समोरून, बाजूनं आणि खालून फोटो काढते. एकाच जागेवरून, उन्हाची दिशाही तीच. मागच्या मार्गशीर्षाचे आणि यंदाचे फोटो शेजारी ठेवले तर डाव्या मागच्या पांढऱ्या खुरावरच्या आडव्या वळ्या संपलेल्या दिसतात. पांढरा खूर कच्चा, असं इकडे म्हणतात. काजळचा तोच खूर आज सगळ्यात सरळ वाढतोय, आणि जिभाऊ परवा तो उचलून बराच वेळ बघत बसले होते.