कार्यालयाचे वाय-फाय आणि कर्मचाऱ्यांचे फोन : छोट्या उद्योगांनी सुरक्षेची व्यवस्था कशी लावावी

भोसरी आणि चाकण परिसरातील दहा-पंधरा माणसांच्या कारखान्यांत नेटवर्कची कामे करताना मला एक दृश्य वारंवार दिसते. हजेरीच्या यंत्राशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर स्केचपेनने वाय-फायचे नाव आणि पासवर्ड लिहिलेला असतो, आणि तो पासवर्ड म्हणजे बहुधा कंपनीचे नाव व त्यापुढे १२३. अशाच एका कारखान्यात मालकांसमोर राउटरचे पान उघडले, तेव्हा १२ माणसांच्या त्या जागेत जोडलेल्या उपकरणांची संख्या ३१ निघाली. त्यांतील एक फोन काम सोडून शेजारच्या शेडमध्ये रुजू झालेल्या सुपरवायझरचा होता. त्याने काहीही गैर केले नव्हते. जुना पासवर्ड त्याच्या फोनमध्ये राहिला होता आणि फोन आपोआप जोडला जात होता. मात्र त्याच जाळ्यावर टॅलीचा संगणक, बँकेचे व्यवहार होणारा लॅपटॉप आणि सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर होता.

फोन कर्मचाऱ्याचा आणि त्यातील काम कंपनीचे, ही आपल्याकडील छोट्या उद्योगांची नेहमीची परिस्थिती आहे. तो फोन संध्याकाळी घरी जातो, मुलांच्या हातात पडतो, आणि सकाळी परत येऊन कार्यालयाच्या जाळ्यात शिरतो. त्यामुळे राउटर आणि फोन यांचा विचार वेगवेगळा करून चालत नाही. आपल्या जाळ्यावर कोण आहे आणि कोणाच्या फोनमध्ये आपले काम आहे, या दोन प्रश्नांची लेखी उत्तरे तयार असतील, तर पुढची प्रत्येक पायरी सोपी होते.

सुरुवात राउटरपासून करावी. राउटरच्या तळाशी असलेल्या चिकटपट्टीवर त्याचा पत्ता छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाकून उघडणाऱ्या पानाचा पासवर्ड हा वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, आणि अनेक ठिकाणी तो बसवल्या दिवसापासून ‘अ‍ॅडमिन’ असाच राहिलेला असतो. तो प्रथम बदलावा, राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे आणि बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद करावी. डब्ल्यूपीएस ही बटण दाबून किंवा पिन टाकून जोडण्याची सोयही बंद ठेवावी. तिचा पिन आठ अंकी असला, तरी राउटर त्याचे दोन भाग स्वतंत्रपणे तपासतो आणि शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे.

त्यानंतर वाय-फायचा पासवर्ड. वाय-फाय सुरक्षित करण्याच्या डब्ल्यूपीए-२ या पद्धतीत फोन जोडला जातानाची देवाणघेवाण रस्त्यावर उभ्या गाडीतूनही पकडता येते, आणि ती एकदा हाती लागली की पासवर्डचे अंदाज आपल्या राउटरला हातही न लावता दूर कोठेतरी निवांत तपासता येतात. कंपनीचे नाव आणि १२३ हा पासवर्ड त्यापुढे टिकत नाही. तिच्यानंतर २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ मध्ये असे बाहेर बसून अंदाज तपासता येत नाहीत, म्हणून राउटर आणि फोन दोन्हींत ती सोय असेल तर तीच निवडावी. नसेल, तर डब्ल्यूपीए-२ ठेवावी, परंतु पासवर्ड लांब असावा. त्याची मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे. एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तर ते लक्षातही राहतात आणि अंदाजाने सापडणेही अवघड असते.

वाय-फायचे नाव लपवून ठेवणे किंवा ठरावीक उपकरणांचेच मॅक पत्ते (प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक) नोंदवून बाकीच्यांना अडवणे, या दोन्ही उपायांवर वेळ घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. लपवलेले जाळे शोधण्यासाठी फोन जाईल तेथे त्याचे नाव पुकारत राहतो, आणि उपकरणाचा पत्ता नकली करता येतो. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक जाळ्यासाठी स्वतःच वेगळा पत्ता तयार करतात.

खरा उपयोग जाळे विभागण्याचा होतो. साध्या राउटरमध्येही बहुधा पाहुण्यांसाठी वेगळे जाळे उघडण्याची सोय असते. संगणक आणि प्रिंटर मुख्य जाळ्यावर ठेवावेत. कर्मचाऱ्यांचे वैयक्तिक फोन, भेटीला आलेले व्यापारी आणि ऑडिटर यांना पाहुण्यांच्या जाळ्यावर घ्यावे, आणि तेथील उपकरणांना एकमेकांशी बोलता येणार नाही अशी निवड चालू करावी. कॅमेऱ्यांसाठी तिसरे जाळे करता आले तर अवश्य करावे, कारण २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रॅमने जगभरातील कॅमेरे आणि डीव्हीआर मूळ पासवर्डच्या जोरावरच ताब्यात घेतले होते. माणसे पंचवीस-तीसच्या पुढे गेली, की प्रत्येकाला स्वतंत्र खाते देणारी ८०२.१एक्स पद्धत जाणकाराकडून बसवून घ्यावी. तीत काम सोडणाऱ्याचे एक खाते बंद केले की पुरते, सर्वांचा पासवर्ड बदलावा लागत नाही.

आता फोन. वाय-फाय कितीही नीट बसवले, तरी २०१७ मधील क्रॅक या त्रुटीने दाखवून दिले की कमजोरी फोनमध्येही असू शकते. ती दुरुस्त करण्यासाठी मुख्यतः फोनच अद्ययावत करावे लागले. ज्या फोनला तो बनवणाऱ्या कंपनीकडून सुरक्षा अपडेट येणे बंद झाले आहे, त्यावर कार्यालयाचा ईमेल किंवा टॅलीचे अ‍ॅप ठेवू नये, मग तो फोन स्वतः मालकांचा का असेना.

अँड्रॉइडमध्ये कामासाठी स्वतंत्र कप्पा करण्याची सोय २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे. त्या कप्प्यातील अ‍ॅपवर छोट्या ब्रीफकेसचे चिन्ह दिसते, आणि कंपनीला केवळ तेवढाच भाग पुसता येतो. त्यासाठी गुगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट इंट्यून यांसारखी व्यवस्था लागते. हे बसवताना कर्मचारी पहिला प्रश्न विचारतात, “साहेब, आमचे फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप तुम्हांला दिसणार का?” हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळाटाळीने उत्तर देऊ नये. सर्वांना एकत्र बसवून एका फोनवर दोन्ही कप्पे उघडून दाखवावेत, कंपनीला काय दिसते आणि काय दिसत नाही हे मराठीत एका पानावर लिहून त्यावर उभयतांच्या सह्या घ्याव्यात. ज्याला आपल्या फोनवर हे नको असेल, त्याला कंपनीने कामापुरता फोन द्यावा. मनाविरुद्ध बसवलेली व्यवस्था माणसे चार दिवसांत काढून टाकतात.

सध्या सर्वांत मोठा धोका मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरून येणाऱ्या एपीके फाइलचा, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणाऱ्या फाइलचा आहे. लग्नाची पत्रिका, वाहतुकीचे ई-चलन, बँकेचे केवायसी अशा नावांनी ती येते, आणि पुष्कळदा ओळखीच्याच क्रमांकावरून येते, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. फाइल उघडली की ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, कधी पडदा वाचून स्वतःच बटणे दाबू देणाऱ्या अ‍ॅक्सेसिबिलिटीचीही, आणि त्यानंतर बँकेचा ओटीपी परस्पर बाहेर जातो. पत्रिका किंवा चलन पाहण्यासाठी कोणतेही अ‍ॅप बसवावे लागत नाही, हे वाक्य प्रत्येक कर्मचाऱ्याला सांगावे. प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी अ‍ॅप बसवण्याची परवानगी शोधून ती व्हॉट्सअ‍ॅप आणि ब्राउझर यांच्यासाठी बंद करावी. आणि कंपनीच्या खात्याचे ओटीपी ज्या सिमवर येतात, ते सिम तिजोरीजवळच्या साध्या बटणाच्या फोनमध्ये ठेवावे. माझ्या माहितीत याहून स्वस्त आणि परिणामकारक उपाय नाही.

त्या सिमला पिन अवश्य लावावा. चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले, तरी पिनशिवाय ते चालत नाही, आणि तीन वेळा चुकीचा पिन टाकल्यास ते अडकून पीयूके, म्हणजे अडकलेले सिम उघडणारा क्रमांक मागते. पिन लावण्यापूर्वी मोबाइल कंपनीकडून पीयूके घेऊन तो लिहून ठेवावा, अन्यथा आपलीच अडचण होते.

एखाद्याने तशी फाइल उघडलीच, तर प्रथम फोन फ्लाइट मोडवर टाकून वाय-फाय बंद झाल्याची खात्री करावी. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते थांबवावे, आणि पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी; पैसे पुढे सरकण्यापूर्वी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते. पडद्यावरील संदेशांचे दुसऱ्या फोनने फोटो काढावेत आणि त्यानंतरच फोन मूळ स्थितीत आणावा. कंपन्यांसाठी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे, म्हणून हे कोणी कळवायचे ते आधीच ठरवून ठेवावे.

फोन हरवण्याची तयारी फोन हातात असतानाच करावी लागते. *#०६# दाबल्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात, ते दोन्ही नोंदवहीत उतरवावेत. फोन गेला की सिम बंद करावे, कार्यालयाच्या खात्यांचे पासवर्ड बदलावेत, पोलिसांत तक्रार द्यावी आणि तिच्या प्रतीसह केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तो फोन अडवण्याची विनंती नोंदवावी.

नोंदवहीत प्रत्येक माणसासाठी एक ओळ पुरते : नाव, फोनचे मॉडेल, आयएमईआय, कोणत्या जाळ्यावर प्रवेश, कोणती अ‍ॅप, कोणत्या तारखेला दिले, कोणत्या तारखेला काढले. शेवटचा रकाना भरल्याशिवाय काम सोडणाऱ्याचा अंतिम हिशोब करू नये. त्याच दिवशी त्याच्यासमोर कामाचा कप्पा पुसावा, व्हॉट्सअ‍ॅप गटांतून त्याचे नाव काढावे आणि ज्या जाळ्याचा पासवर्ड त्याला ठाऊक होता तो बदलावा. भोसरीत बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. राउटरचे पासवर्ड बदलण्याचे पहिले काम त्या दिवशी करावे, शुक्रवारी सकाळी प्रत्येकाचा फोन त्याच्या जाळ्यावर जोडून द्यावा, आणि हजेरीच्या यंत्राशेजारचा तो कागद काढून टाकावा.