मुंबई–लंडन विमानप्रवास: निघण्यापूर्वीची तयारी

मुंबई ते लंडन हे अंतर सरळ हवाई रेषेने सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. परंतु तयारी करताना केवळ या आकड्यावर विसंबू नये. ही रेषा पाकिस्तानवरून जाते आणि एप्रिल २०२५ मध्ये त्या देशाने आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केल्यापासून त्यांच्या विमानांना वळसा पडू लागला. शिवाय उंचावरचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने तो जाताना समोरून, तर येताना पाठीमागून मिळतो. म्हणून थेट विमानाला जाताना दहा तासांच्या आसपास आणि येताना साधारण तासभर कमी लागेल असे धरावे.

पासपोर्ट, व्हिसा, पौंड यांविषयी सांगणे नको.

तारखेविषयी मात्र सांगणे भाग आहे. मुंबईहून परदेशी जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि ०२:१० ही वेळ असेल, तर विमानतळावर १४ च्या रात्री पोहोचायचे असते. मागच्या खेपेस मी १५ च्या रात्री बॅगा घेऊन गेलो. अशा प्रवाशाची नोंद ‘नो शो’ अशी होते, तिकिटाचे बहुतेक पैसे बुडतात आणि, हे फार थोड्यांना ठाऊक असते, त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही सहसा रद्द होतो. तेव्हा कॅलेंडरवर १४ च्या चौकटीत ‘आज रात्री विमान’ असे लिहावे आणि १५ ची चौकट कोरी ठेवावी. पुण्याहून निघणाऱ्यांनी गाडी १४ च्या दुपारची सांगावी, कारण घाटातली कोंडी तिकीट पाहून सुटत नाही. गाडीवाल्याला १४ सांगावी, घरच्यांना १४ सांगावी, रजेच्या अर्जातही १४ ची रात्र धरावी.

घड्याळाचा हिशेब त्यानंतर. लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. वरचे विमान दहा तासांनी उतरले, तर तेथे हिवाळ्यात सकाळचे ६:४० वाजलेले असतील, उन्हाळ्यात ७:४०. हॉटेलची खोली बहुधा दुपारीच मिळते, त्यामुळे बॅगा ठेवून घेतील का, हे आधीच विचारून घ्यावे.

सामानात तूप, पेढे, बर्फी नको. भारतातून दुग्धजन्य पदार्थ तेथे नेण्यास बंदी आहे. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. लोणचे चेक-इनच्या बॅगेत, घट्ट बांधून.

परतीचे विमान रात्री सुटणारे असेल तर ते मुंबईत दुसऱ्या दिवशी पोहोचते. न्यायला येणाऱ्यांना ती तारीख कळवावी. आणि जाण्यापूर्वी १४ तारीख पुन्हा एकदा तपासावी.