आई-बाबांना गुडघेवाल्या, कार्डवाल्या आणि कॅम्पवाल्या ठगांपासून कसं वाचवायचं

आधी एक क्लिअर करू, वयस्कर माणसं फसतात ती भोळसट किंवा लोभी असतात म्हणून नाही. गुडघा रात्रभर ठणकत असतो, मुलं ऑफिसात नाहीतर अमेरिकेत, खऱ्या डॉक्टरांकडे पाच मिनिटं मिळायची मारामार, आणि अशात कोणीतरी अर्धा तास बसून सगळं शांतपणे ऐकून घेतो. ठगाचं निम्मं काम तिथंच झालेलं असतं. म्हणून "कोणावर विश्वास ठेवू नका" असं मोघम सांगून काही होत नाही, कुठली ट्रिक कशी चालते ते डिटेलमध्ये सांगायला लागतं.

सुरुवात गुडघेवाल्यांपासून करा. मुंबई-पुण्यात यांच्यावर कितीतरी पोलीस केसेस झाल्या तरी धंदा चालूच आहे. बागेत, देवळाबाहेर, बँकेत एखादा नीटनेटका माणूस किंवा बाई जवळ येते, "काकू, लंगडताय का? माझ्या आईला ऑपरेशन सांगितलेलं, एका डॉक्टरांनी घरी येऊन बरं केलं, आता जिने चढते." स्वतः काही विकत नाही, फक्त नंबर देते, म्हणून शंकाच येत नाही. मग "डॉक्टर" असिस्टंटसकट घरी हजर, गुडघ्यावर ब्लेडने बारीक चिरे मारणार, धातूची नळी लावून तोंडाने ओढणार आणि पिवळं काहीतरी दाखवून म्हणणार, हा बघा पू. तो पू नसतोच, हळद नाहीतर कसली तरी पावडर असते. रेट थेंबावर, बोलताना दहा-बारा थेंब, मोजताना शंभरच्या पुढे, बिल लाखांत, आणि मग काकांना सोबत घेऊन बँकेत.

आईला एवढंच समजावा, की या वयात गुडघा बहुतेक वेळा कूर्चा झिजल्यामुळे दुखतो, त्यात पू नसतो. आणि खरंच सांध्यात पू झाला तर ताप येतो, पाय टेकवत नाही, हॉस्पिटलात ॲडमिट व्हायची वेळ येते, ते काय हॉलमधल्या सोफ्यावर काढायचं काम नाही. याचाच दुसरा प्रकार भस्मवाला, तो एका ठराविक दुकानात पाठवतो आणि तिथं ग्रॅमच्या भावाने औषध विकलं जातं.

बिननावाच्या पुड्यांचं वेगळं सांगायला हवं. पुडी घेतली आणि दोन दिवसांत दुखणं गायब झालं तर खूश होऊ नका, उलट सावध व्हा, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. शुगर वाढते, चेहरा सुजल्यासारखा गोल होतो. पण बरेच दिवस घेत असतील तर चिडून एकदम बंदही करायला लावू नका, ते धोक्याचं असतं, पुडी घेऊन थेट एमडी डॉक्टरांकडे जा. घरी येणाऱ्या कोणत्याही "डॉक्टर"चा रजिस्ट्रेशन नंबर मागायचा, ॲलोपॅथीवाला असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं. खरा डॉक्टर रागावत नाही, नंबर त्याच्या प्रिस्क्रिप्शनवरच छापलेला असतो.

आता फोन. बाबा गुगलवर हॉस्पिटलचा अपॉइंटमेंट नंबर शोधतात, वर जो येतो तो कधीकधी ठगाने टाकलेला असतो. पलीकडचा गोड बोलतो, "रजिस्ट्रेशनचे फक्त पाच रुपये भरा, लिंक पाठवतो." लिंकमधून एक एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) उतरते आणि मग फोनवर येणारे ओटीपी त्यांना दिसायला लागतात. पाच रुपयांत कोण फसवणार असं वाटतं ना, तिथंच गोम आहे. उपाय बोअरिंग आहे पण चालतो, जुन्या फाइलवर, रिपोर्टवर छापलेले नंबर आपण स्वतः त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्यायचे, डॉक्टर, लॅब, मेडिकल, सगळे. व्हॉट्सॲपवर आलेली कुठलीच एपीके फाइल उघडायची नाही, त्यावर आयुष्मान या सरकारी उपचार योजनेचा लोगो असला तरी. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे यूपीआयला लिंक असलेल्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा, पेन्शनची साठवण दुसऱ्या खात्यात जे फोनवर नाहीच. सुट्टीला भारतात येणाऱ्यांनी नवीन फोन गिफ्ट करण्याआधी हे करून जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आयुष्मान कार्डचा घोळ ऑक्टोबर 2024 नंतर वाढायला वाव मिळाला, कारण तेव्हापासून 70 आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली (रक्कम कुटुंबाला मिळून, घरात दोघं सत्तरीचे असतील तर दोघांत). योजना खरी, म्हणूनच खोटा फोन पटतो. लक्षात ठेवा, कार्डाला फी नाही, आधारवरून केवायसी होतं, योजनेतल्या हॉस्पिटलात किंवा प्ले स्टोअरवरच्या सरकारी ॲपवरून आपणच काढू शकतो. चौकशीला 14555. घरी येऊन अंगठा मागणाऱ्याला अंगठा द्यायचा नाही, आधारला लिंक असलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे निघू शकतात, त्यामुळे आधारच्या सरकारी ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करून टाका. योजनेतल्या हॉस्पिटलात कॅशलेस असूनही डिपॉझिट मागत असतील तर काउंटरवर भांडत बसू नका, आधी आरोग्यमित्राला (योजनेचा हॉस्पिटलात बसणारा मदतनीस) गाठा, महाराष्ट्रात आयुष्मानसोबत चालणाऱ्या महात्मा फुले योजनेची हेल्पलाइन 155388 आहे.

फ्री कॅम्पमध्ये हातात दांडी धरायला देऊन मशीनमधून भलामोठा रिपोर्ट काढतात, लिव्हर वीक, किडनी वीक, आणि शेवटी तेल, पावडर, चुंबकाची गादी. दांडी धरून लिव्हर-किडनी तपासता येत नाही, विषय संपला. "डायबेटीस मुळापासून बरा" अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे, तक्रार एफडीएकडे (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) करता येते, 1800222365.

इन्शुरन्सबद्दल थोडक्यात. आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, कोणालाही फोन करून बोनस देत नाही, पॉलिसी विकत नाही. एजंट म्हणाला "बीपी-शुगर लिहू नका, प्रीमियम वाढेल" तर त्याला चहा पाजून रवाना करा, कारण क्लेम नाकारला जाईल तेव्हा तो फोनही उचलणार नाही. चुकीची पॉलिसी गळ्यात पडलीच तर कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत परत करता येते.

घरात एक नियम ठेवा, तब्येतीच्या नावाने कोणी पैसे मागितले तर आधी घरच्या एकाला फोन. पण तो फोन आला की ओरडायचं नाही हं, "तुम्हाला कितीदा सांगितलं" हे एकदा ऐकलं की पुढच्या वेळी आई लपवते, आणि लपवलेलं चार दिवसांनी कळून उपयोग नसतो.

पैसे गेलेच तर पहिला फोन 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि लगेच बँकेला, जितकं लवकर तितके पैसे पुढे जायच्या आत अडकण्याचा चान्स जास्त. एपीके टाकली गेली असेल तर त्या फोनचं नेट बंद करून दुसऱ्या फोनवरून हे कॉल करा. गुडघेवाला घरी येऊन गेला असेल तर चिऱ्यांच्या जागा डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का विचारा, उरलेल्या पुड्या, बिल, चेकचा नंबर, कॉल लॉग काही टाकून देऊ नका. आणि सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज त्याच दिवशी सेक्रेटरीकडून पेनड्राइव्हवर घ्या, काही दिवसांनी त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं.