साठं घालण्याआधी जाळ्या मोजा

साठं म्हणजे ताटात रस ओतून सुकवलेली पोळी. जितकी ताटं भरणार तितक्याच जाळ्या घरात आहेत का, हे आंबे पिकायला घालतानाच बघा. रस काढून झाल्यावर नव्हे. गेल्या मे महिन्यात 12 ताटं भरली आणि जाळी एकही नव्हती, म्हणून साठं पालटलीच गेली नाहीत. वरून तकतकीत दिसत होती. आषाढात डबा उघडला तर प्रत्येक पोळीला खालून पांढरी बुरशी. तेव्हा सुरुवात जाळ्यांपासून.

लाकडी चौकटीवर मच्छरदाणीची नायलॉन जाळी घट्ट ताणून ठोकली की झालं. लोखंडी जाळी नको, आंबट रसाने गंजते. सूप अडीनडीला चालतं, पण त्याची वीण घट्ट असते, खालून वारा लागत नाही, आणि सगळा खटाटोप खालच्या वाऱ्यासाठीच आहे. ताटातली ओल फक्त वरच्या बाजूने उडते. वर साय धरली की खालची ओल कोंडते. स्टीलमधून ती जाणार कुठे? म्हणून पोळी उलटी करून जाळीवर टाकायची आणि जाळीखाली चार विटा.

ताटं स्टीलची. ॲल्युमिनियम नको, कल्हई उडालेलं पितळ तर मुळीच नको. खोबरेलाचं किंवा तुपाचं बोट फिरवा, ओघळेल इतकं नको. गच्चीवर जिथे ताटं मांडणार तिथे एका ताटात आधी पाणी ओतून उतार बघा. तिरक्या ताटात एक बाजू पापड होते आणि दुसरी चिखल राहते. 11 इंची ताटाला पाव लिटर रस पुरतो, म्हणजे थर साधारण 4 मिलिमीटर. कडेला किंचित जाड ठेवा, कारण कड आधी सुकते आणि तडकते. मध्य सगळ्यात शेवटी सुकतो.

फळांपैकी रायवळ, म्हणजे गावठी आंबा, सगळ्यात बरा, आंबटगोड असतो. पण रेषा फार, चाळणीतून गाळल्याशिवाय ओतू नका. हापूसला रेषा नाहीत, मात्र साका झालेला पांढरट भाग काढून टाका आणि पाव लिटर रसाला चमचाभर लिंबूरस घाला. फणसपोळीला मऊ गऱ्यांचा बरकाच, कडक काप्याचा गर गाळला जात नाही. डहाणू-घोलवडकडचा चिकू चालतो, पण पूर्ण पिकलेला, आणि त्यालाही लिंबू हवंच. साखर चवीपुरती. गूळ घालू नका, दमट हवेत ओल ओढतो आणि पोळी चिकटच राहते. मिक्सरमधून काढलेला रस 10 मिनिटं ठेवा, ओतल्यावर ताट हलकेच आपटा, नाहीतर बुडबुड्यांची भोकं पडतात. रस आटवत नसाल, कच्चाच सुकवत असाल, तर डाग पडलेलं एकही फळ घेऊ नका, कारण पुढे जंतू मारणारी आच कुठेच नाही.

भाज्यांचे रॅप, म्हणजे सारण गुंडाळायच्या पातळ पोळ्या, करायचे तर वेगळी गोष्ट. भाजीत फळासारखी साखर नसते, त्यामुळे नुसता गर सुकवला की तो तडकतो. अर्धा किलो दुधी, पाव किलो टोमॅटो, 3 मोठे चमचे जवसाची पूड, 2 चहाचे चमचे लिंबूरस, अर्धा चमचा मीठ. पूड मिसळून 10 मिनिटं थांबा, जवस चिकट झालं की तेच गर बांधून धरतं. लिंबाऐवजी कोकमाचं आगळ घालत असाल तर मीठ टाकू नका, आगळ आधीच खारट असतं. आणि दुधीचा तुकडा आधी चाखा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खा दुधी फेका. कडू दुधी पोटात गेला तर विषबाधा होते, यात काटकसर नको.

शहाळ्याचे रॅप सगळ्यात सुंदर वळतात. शहाळेवाल्याकडे मधल्या मलईचं मागा. फार कोवळ्याची मलई पाणचट असते, तर खोबरं धरलेलं तेल सोडतं. मलईत त्याचंच थोडं पाणी घालून एकजीव वाटा, 3 मिलिमीटर थर द्या. सुकवणीच्या यंत्रात (डिहायड्रेटरमध्ये) 46 अंशांवर 4-5 तास, मग पालटून आणखी तासभर. दुमडल्यावर मोडायला लागलं की जास्त सुकलं.

यंत्र असेल तर फळांना 57 ते 60 अंश. कच्चेपणा राखायला 46, पण आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत ते फार सावकाश चालतं, म्हणून थर पातळ. वीज गेली तर दिवसा ताटं सरळ उन्हात काढा. उन्हावरच करणार असाल तर सकाळी 9 ते दुपारी 4, वर पातळ साडी. सूर्य कलण्याआधी घरात. संध्याकाळचा खारा वारा दिवसभराची मेहनत परत ओली करतो. मृग 7-8 जूनला लागतो, वळीव त्याआधीच येतो, तेव्हा शेवटची खेप 20 मेच्या आत. थरावर थर देत असाल तर खालचा थर सुकल्याशिवाय वरचा ओतू नका, मधला थर आंबतो.

आता पुन्हा तेच: पालटणं. कडा सुटल्या, वर बोट चिकटेनासं झालं की त्याच दिवशी पालटा, यंत्रात साधारण 6 तासांनी. कडेने बोथट सुरी फिरवा, जाळी पालथी ठेवा, दोन्ही धरून उलटा. उद्यावर ढकलू नका. जाळ्या कमी असतील तर ताटं कमी भरा, आंबे खाऊन टाका.

मग मधोमध, खालच्या बाजूने, बोट दाबा. खळगा पडला तर अजून एक ऊन. पूर्ण गार होऊ द्या, गरम पोळी डब्यात घाम सोडते. बटर पेपरात गुंडाळी, कोरडी काचेची बरणी. 4 दिवसांनी बघा, काचेला दव दिसलं तर परत उन्हात. पावसाळ्यात फ्रीज. शहाळ्याचे आणि भाजीचे रॅप फ्रीजमध्येच, आठवडाभरात संपवा.