नवी गाडी सतत बिघडतेय? निदान या चुका तरी टाळा

नवीकोरी गाडी महिन्याभरात डॅशबोर्डवर दिवे दाखवायला लागली की ओळखीपाळखीचे लोक माझ्याकडे येतात. उमेदीची वर्षं वर्कशॉपच्या फ्लोअरवर काढली आहेत, म्हणून. मी आधी जॉबकार्ड मागतो, म्हणजे गाडी घेताना वर्कशॉप तक्रारी लिहितं तो कागद, आणि तिथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. जॉबकार्ड नसतं. असलं तर त्यावर तक्रार नसते.

तक्रार तोंडी सांगून चावी देऊन येणं, ही मी पाहिलेली सगळ्यात महागडी चूक. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर गोड बोलतो, चहा मागवतो, ‘बघून घेतो सर’ म्हणतो. कार्डावर मात्र लिहितो ‘वॉशिंग, जनरल चेकअप’.

आमच्या शेजारच्या सरांचं हेच झालं. टर्बो पेट्रोल गाडी, राहायला कराड, सासुरवाडी चिपळूण. येताना पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलं की गाडीचा उठाव, म्हणजे पिकअप, गायब. पिवळा चेक इंजिन लाइट लागायचा, मागे ट्रकवाले हॉर्न मारायचे. कडेला घेऊन बंद-चालू केली की पुन्हा ठीक. वर्कशॉपवाले हायवेला एक चक्कर मारून यायचे आणि सांगायचे, ‘ओके आहे सर, सॉफ्टवेअर अपडेट मारलंय.’ सपाट रस्त्यावर, एकटा ड्रायव्हर बसवून हा फॉल्ट कशाला येईल? सर भिडस्त. गाडी धुऊन मिळाली यातच समाधान मानून घरी यायचे. शेवटी वैतागून कंपनीला ईमेल केला, तर उत्तर आलं की आमच्या नोंदींत अशी कोणतीही तक्रार नाही, गाडी फक्त वॉशिंगला आलेली दिसते.

त्यात भाच्यानं व्हिडिओ बघून बॅटरीचं टर्मिनल काढून लाइट घालवला होता. अशा हुशारीचा मला मनस्वी राग येतो. लाइट लागतो तेव्हा फॉल्ट कोड आणि त्या क्षणाचा वेग, आरपीएम, इंजिनावरचा भार हे सगळं कॉम्प्युटरमध्ये साठतं. टर्मिनल काढलं की बऱ्याच गाड्यांत ते पुसलं जाऊ शकतं. म्हणजे चोर पकडायचा आणि ठसे आपणच पुसायचे.

मग मी सोबत गेलो. कार्डावर समोर उभं राहून लिहून घेतलं: ‘भरलेली गाडी, एसी चालू, घाटात उठाव जातो, चेक इंजिन लाइट लागतो, बंद-चालू केल्यावर ठीक.’ टेक्निशियनला स्कॅनरसकट गाडीत घेतलं, मागची सीट माणसांनी भरली आणि थेट कुंभार्ली गाठला. पोफळीच्या वर कोड आला पी ०२९९, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा दाब कमी. परत येऊन खालचं कव्हर काढलं तर टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपच्या जोडाभोवती तेलकट धुळीचं काळं कडं. टेक्निशियननं अंगठ्यानं पाइप दाबला तर तो क्लॅम्पमध्ये हलला. दाब चढला की तिथून हवा सुटत होती. क्लॅम्प नीट बसवून आवळला, संपला विषय. एवढ्यासाठी त्या माणसानं गाडी विकायला काढली होती.

माझी सवय सांगतो. कार्ड वाचून त्याचा फोटो काढल्याशिवाय चावी द्यायची नाही. गाडी आणली की त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल, डीलरला आणि कंपनीला एकत्र. लाइट लागला की शेजारी बसलेल्याला व्हिडिओ घ्यायला सांगायचं, त्यात किलोमीटर दिसले पाहिजेत. कंटाळवाणं आहे, पण अ‍ॅडव्हायझरवर आवाज चढवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. उद्या तो दुसऱ्या शोरूमला नोकरी धरेल, तुमचा ईमेल जागेवरच राहील.

दुसरी चूक दसऱ्याची आणि पाडव्याची. मुहूर्ताला शोरूममध्ये जत्रा असते. हार, पेढे, फोटो, आणि गाडी कोणी वाकून बघत नाही. महाराज, गाडी तपासायची ती डिलिव्हरीला नाही, रजिस्ट्रेशनच्या आधी. एकदा तुमच्या नावावर नंबर पडला की ओरखडा तुमचा आणि टाकून ठेवलेला जुना स्टॉकही तुमचाच. दिवसा, उन्हात, यार्डात जाऊन बघा. टायरवर ‘डीओटी’ अक्षरांपुढच्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. बॅटरीला मीटर लावा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास असेल तर गाडी बराच काळ उभी असण्याची शक्यता आहे. ‘साहेब, वेळ नाही’ म्हणाले तर पैसे भरायलाही वेळ नाही म्हणावं.

बीएस ६ डिझेल घेऊन रोज घर ते दुकान दोन किलोमीटर फिरवणाऱ्यांनी डीलरला शिव्या देऊ नयेत. धुराड्यातल्या डीपीएफमध्ये, म्हणजे धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठते, ती जळायला गाडी तापून सलग चालावी लागते. डीपीएफचा दिवा लागला की आधी मॅन्युअल उघडा. बहुतेक गाड्यांत हायवेला पंधरा-वीस मिनिटं एकसारखी चालवली की जातो. तसाच दामटत राहिलात तर बिल मोठं येतं आणि वॉरंटी मागायला गेलात की कंपनी तुमच्या वापराकडे बोट दाखवते.

बाहेरून वायरिंग कापून हॉर्न-लाइट बसवू नका. इलेक्ट्रिकल वॉरंटी नाकारायला तेवढं निमित्त पुरतं.

गाडीला गाढवं जुंपून शोरूमसमोर वरात काढायची फॅशन आली आहे. व्हिडिओ पळतो, गाडी तिथेच. त्यापेक्षा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच दाद मागता येते, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंत फी नाही, दहा ते वीस लाखांच्या गाडीला ४०० रुपये. मुदत दोन वर्षांची, ती ‘बघू, पुढच्या सर्व्हिसला’ म्हणत घालवू नका. आणि गाडीच बदलून मिळेल या भ्रमात राहू नका. २००६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्यापुरती धरली होती. उत्पादनातला दोष म्हणायचं तर सहसा तज्ज्ञाचा अहवाल लागतो, तपासणीसाठी आयोगाकडे अर्ज करता येतो. करसवलतीसाठी गाडी कंपनीच्या नावावर घेतली असेल तर ‘व्यावसायिक वापर’ म्हणून समोरचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेईल.

एक राहिलं. सर्व्हिसनंतर दुसऱ्या दिवशी फीडबॅकचा फोन येतो. अ‍ॅडव्हायझरनं आधीच गळ घातलेली असते, ‘दहापैकी दहा द्या सर, पोटाचा प्रश्न आहे.’ काम झालं नसेल तर स्पष्ट दोन सांगा. दुपारपर्यंत वर्कशॉप मॅनेजरचा स्वतःहून फोन येतो, तेव्हा ट्रायलची वेळ ठरवून घ्या.